जुना डच चेहरा भिंतीवर लावायचाय? आधी खर्च बघा

थेट आकड्यांनी सुरुवात करू. सतराव्या किंवा अठराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं एखाद्या डच धर्मोपदेशकाचं, प्राध्यापकाचं किंवा नगरप्रमुखाचं व्यक्तिचित्र आज नेदरलँड्समध्ये साधारण २० ते १०० युरोंत मिळतं. कोरणारा नावाजलेला आणि छाप ताजी असेल तर काहीशे युरो मोजावे लागतात. हेंड्रिक गोल्ट्झियसच्या हातचं चांगलं काम हजारांत जातं. रेम्ब्रांच्या हयातीत छापलेलं नामांकित व्यक्तिचित्रच हवं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी घरच्यांशी बोला.

ही चित्रं मुळात रुबाबासाठीच काढली जात. तैलचित्र एकच असतं आणि ते आपल्याच दिवाणखान्यात टांगलेलं राहतं. कोरलेला पत्रा हाताशी असला की शेकडो प्रती निघतात. त्या मित्रांना, सोयऱ्यांना, विद्यार्थ्यांना, चर्चमधल्या मंडळींना वाटता येतात, दुकानात विकताही येतात. घराण्याचं चिन्ह, वय, हुद्दा, ब्रीदवाक्य, खाली लॅटिन कवन, सगळा थाट एका कागदावर. त्या थाटाचे पैसे त्या गृहस्थाने साडेतीनशे वर्षांपूर्वीच चुकते केले आहेत. तुम्ही पैसे द्यायचे ते कोरणाऱ्याच्या हाताचे, छापाच्या दर्जाचे आणि कागदाच्या तब्येतीचे. विक्रेता गोष्ट मात्र थाटाचीच सांगतो. तेवढं ओळखलंत तर निम्मं नुकसान टळलं.

आधी फुकटात बघून घ्या

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर त्यांच्या संग्रहातली हजारो मुद्राचित्रं मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. पैसे लागत नाहीत, स्वामित्वहक्काचा प्रश्न येत नाही, व्यावसायिक वापरालाही अडकाठी नाही. तुम्हाला फक्त भिंत सजवायची असेल तर इथेच थांबा. फाइल घ्या, चांगल्या जाडसर कागदावर पुण्या-मुंबईत छापून घ्या, चौकटीसकट काही हजार रुपयांत काम होतं. जुना कागद हातात धरण्याची हौस असेल तरच पुढचं वाचा.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक गैरसमज आधी काढून टाका. राइक्सम्यूझियमचं तिकीट काढलं म्हणजे ही चित्रं दिसतील असं नाही. मोठ्यांचं तिकीट २५ युरोंच्या आसपास आहे, १८ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. पण कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून बहुतेक पेट्यांमध्येच असतात. ती बघण्यासाठी वेगळा अभ्यासकक्ष आहे आणि तिथे वेळ ठरवूनच जावं लागतं. इमेल करा, तीही निघण्याच्या बरेच आठवडे आधी. ‘जुनी व्यक्तिचित्रं दाखवा’ असं मोघम लिहू नका. संकेतस्थळावर प्रत्येक चित्राला ‘आरपी-पी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, हवे ते क्रमांक उतरवून यादी पाठवा. जाताना पासपोर्ट जवळ ठेवा, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, लिहायला पेन्सिलच न्या. खुल्या वेळा आणि शुल्क याची खात्री उत्तरादाखल येणाऱ्या इमेलमध्येच करून घ्या, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका.

रेम्ब्रां १६३९ ते १६५८ या काळात ज्या घरात राहिला, ते ॲमस्टरडॅममधलं यॉडनब्रेस्ट्राटवरचं घर आता संग्रहालय आहे. तिकीट २० युरोंच्या आसपास. त्याची जवळजवळ सगळी एचिंग्ज, म्हणजे आम्लाने रेघा खोदलेल्या पत्र्यांवरून छापलेली चित्रं, या संग्रहालयाकडे आहेत, आलटून पालटून लावतात. पण आपल्या कामाचं तिथलं खरं आकर्षण वेगळं: पत्र्यावर शाई कशी भरतात, कशी पुसतात, ओला कागद दाबाखाली कसा जातो, हे समोर करून दाखवतात. त्याचे वेगळे पैसे नाहीत. खरेदीआधी हे एकदा बघाच. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर कसा उमटतो हे डोळ्यांनी पाहिलं की दुकानात तुम्हाला सहजासहजी कुणी बनवू शकणार नाही.

ॲमस्टरडॅमहून रेल्वेने पाव तासावर हारलेम. तिथल्या टेलर्स संग्रहालयात गोल्ट्झियसचं उत्तम काम आहे, पण ते कायम मांडलेलं नसतं. आधी विचारून जा. हेगला मध्यवर्ती स्थानकाला लागूनच आरकेडी ही कला-इतिहासाची संस्था आहे. कोणत्या डच माणसाची कोणती व्यक्तिचित्रं निघाली याची नोंद तिच्या संकेतस्थळावर फुकट सापडते. विक्रेत्याने नाव सांगितलं की फोनवर तिथल्या तिथे पडताळून बघा.

आणखी एक हिशेब. तुम्ही ॲमस्टलवेन, हेग किंवा आइंडहोवनला नोकरीनिमित्त राहत असाल तर वर्षाचं म्यूझियमकार्ट घ्या. मोठ्यांना ७५ युरोंच्या आसपास पडतं आणि तीन-चार भेटींत वसूल होतं. भारतातून आठवडाभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना ते वर्षाचं कार्ड मिळत नाही. डच पत्ता नसेल तर ३१ दिवसांचं, पाच भेटींपुरतं तात्पुरतं कार्ड हाती येतं, किंमत मात्र तीच. पाहुणे दोनच संग्रहालयं बघणार असतील तर सुटी तिकिटंच स्वस्त.

चेहरा कुणाचा, त्याआधी हात कुणाचा

किंमत ठरते ती या क्रमाने: कोरणारा, छाप, कागदाची अवस्था आणि मग चेहरा. नवखे लोक नेमकं उलटं करतात.

लक्षात ठेवायची नावं फार नाहीत. गोल्ट्झियस (१५५८–१६१७) सुरुवातीच्या काळात हातात मावतील अशी छोटी व्यक्तिचित्रं कोरायचा, ती महाग. डेल्फ्टचा विलेम डेल्फ हा चित्रकार मीरवेल्टचा जावई. सासऱ्याने रंगवायचं आणि जावयाने कोरायचं, असा तो घरचा कारखाना होता. राजघराण्यातले आणि दरबारातले बहुतेक चेहरे त्यांच्या हातून गेले. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसचं १६३२ चं कोरीव चित्र त्यांचंच. हारलेमचा योनास साउडरहूफ फ्रान्स हाल्सच्या चित्रांवरून कोरायचा. तत्त्वज्ञ देकार्तचा चेहरा त्याने असाच कोरला. कॉर्नेलिस व्हिसर १६५८ मध्ये ऐन तिशीच्या उंबरठ्यावर गेला, म्हणून त्याचं काम तुलनेने कमी. अठराव्या शतकात याकोब हाउब्राकेन (१६९८–१७८०) याने व्यक्तिचित्रांचा अक्षरशः पाऊस पाडला. वॅगेनारच्या इतिहासाच्या खंडांसाठी त्याने कोरलेले चेहरे आजही बाजारात मुबलक आहेत. कोरणी स्वच्छ, भाव नरम. पहिली खरेदी हाउब्राकेनची करा. चुकलात तरी कमी पैशांत चुकाल.

चेहऱ्याने भाव चढतो तो फक्त मोजक्या लोकांसाठी: ऑरेंजचा विल्यम, योहान डी विट, दर्यासारंग ट्रॉम्प आणि डी रॉयटर, ग्रोशियस, देकार्त. बाकी काळ्या झग्यातले, पांढऱ्या गळपट्टीतले धर्मोपदेशक ढिगाने आहेत, कारण त्यांच्या अनुयायांची मागणीही ढिगाने होती. कुणी ‘फार मोठे धर्मोपदेशक होते’ म्हणून दुप्पट भाव सांगितला तर हसून पुढे जा. बायकांची स्वतंत्र व्यक्तिचित्रं कमी आहेत, नवऱ्याच्या जोडीने निघालेलीच जास्त. अपवाद ॲना मारिया व्हान स्खुरमान: ही विदुषी स्वतःचा चेहरा स्वतःच कोरायची. तिच्या हातचं काही विकायला आलंय असं कळलं तर आधी शंका घ्या, मग किंमत विचारा.

खालचा मजकूर वाचल्याशिवाय पाकीट काढू नका

चित्राच्या तळाशी बारीक लॅटिन खुणा असतात. ‘पिंक्सिट’च्या आधीचं नाव रंगवणाऱ्याचं, ‘स्कल्प्सिट’च्या आधीचं कोरणाऱ्याचं, ‘एक्सकुडिट’च्या आधीचं छापून विकणाऱ्याचं. तीन नावं, तीन वेगळी माणसं. विक्रेते फसवतात ते पहिल्या नावावर. ‘फ्रान्स हाल्स’ असं कोपऱ्यात दिसलं की पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘हाल्स’ लिहितात. हाल्सने त्या पत्र्याला हातही लावलेला नसतो.

आता जवळून बघा. अंडाकृती चौकटीभोवती नाव आणि वय गोल फिरवलेलं असतं. वय नेमकं त्या वर्षाचं. खाली घराण्याचं चिन्ह असलेली ढाल, तिच्याखाली चार किंवा आठ ओळींचं कवन. कवन कुणाचं यालाही तेव्हा वजन होतं: रेम्ब्रांने १६३५ मध्ये काढलेल्या धर्मोपदेशक अउटेनबोगार्टच्या चित्राखाली ग्रोशियसच्या लॅटिन ओळी आहेत. माणूस वारला की पत्रा टाकून देत नसत. मृत्यूचं साल कोरून पुन्हा छापत. प्रकाशक बदलला की जुनं नाव खरवडून नवं घालत. अशा प्रत्येक बदलाला बाजारात वेगळी अवस्था मानतात आणि पहिल्या अवस्थेचा भाव सगळ्यांत चढा असतो. म्हणून मृत्युवर्ष असलेली प्रत हयातीतली म्हणून विकली जात असेल तर तिथेच बोट ठेवा. हे तुम्ही स्वतः, भिंगाने, दोन मिनिटांत करू शकता.

सगळ्यांत जास्त नुकसान कात्रीने होतं. पूर्वीचे संग्राहक वहीत चिकटवण्यासाठी चित्र कडेपर्यंत कापायचे. कडा कापल्या तर भाव उतरतो, खालचा मजकूरच कापला असेल तर आणखी उतरतो. ढाल नाही, नाव नाही, कवन नाही, म्हणजे ज्यासाठी चित्र काढलं तेच गेलं. अशा प्रतीला अर्धीसुद्धा किंमत देऊ नका. विक्रेता ‘कापलेली असली तरी चौकटीत कळत नाही’ म्हणेल. विकायला जाल तेव्हा समोरच्याला बरोबर कळतं.

तेव्हा काय पडायचं

विक्रेते जुन्या किमतींच्या गोष्टी रंगवून सांगतात, म्हणून दोन खरी उदाहरणं जवळ ठेवा. १६५५ मध्ये घरखरेदीच्या एका व्यवहारात असं ठरलं होतं की रेम्ब्रांने ओटो व्हान कॅटनबुर्खचं व्यक्तिचित्र एचिंगमध्ये काढून द्यावं, दर्जा यान सिक्सच्या चित्राइतका असावा, आणि त्याचे ४०० गिल्डर धरावेत. एक गिल्डर म्हणजे २० स्टाउव्हर. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण गिल्डरभर किंवा थोडी वर. म्हणजे वर्षभराच्या कमाईहून जास्त. ताडून बघायचं तर रेम्ब्रांच्याच ‘नाइट वॉच’ या प्रचंड तैलचित्रात झळकण्यासाठी सरासरी माणशी १०० गिल्डर पडल्याची साक्ष त्याच चित्रातल्या एकाने दिली होती. पत्र्यावरचा एकट्याचा चेहरा त्याच्या चौपट! ज्याच्या तोडीचं मागितलं ते यान सिक्सचं १६४७ चं एचिंग. खिडकीला टेकून वाचणारा तरुण, उजेड मागून. त्याचा तांब्याचा पत्रा सिक्स घराण्याकडेच राहिला.

दुसरं उदाहरण व्हान कॉप्पेनोलचं. हा पेशाने सुलेखनकार. रेम्ब्रांकडून एक नव्हे तर दोन एचिंग्ज, शिवाय व्हिसरकडून मोठं कोरीव चित्र, वर नामवंत कवींकडून स्तुतीची कवनं. आजच्या भाषेत चौकाचौकांत फ्लेक्स लावण्यातलाच प्रकार.

या गोष्टी ऐकायला छान आहेत. पण कुणा अनोळखी हाताने कोरलेल्या अनोळखी प्राध्यापकाच्या चित्रासाठी दुकानदार या गोष्टी सांगू लागला तर समजा, भाव वाढवायची तयारी चालू आहे.

घ्यायचं कुठे

ॲमस्टरडॅमच्या स्पाउ चौकात दर शुक्रवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. सकाळी जा, खोकी चाळा, रोख रक्कम जवळ ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी देव्हेंटर गावात जुन्या पुस्तकांचा मोठा बाजार भरतो. तिथे घासाघीस चालते, विशेषतः दुपारनंतर. लिलावात हारलेमचं बब काउपर आणि हेगचं व्हेन्दूहाउस ही ओळखीची नावं. लिलावाआधी काही दिवस माल बघायला खुला असतो. तेव्हा गेला नाहीत तर बोली लावू नका, निदान फोटो आणि कागदाच्या अवस्थेचा लेखी तपशील मागवा. तो फुकट मिळतो, लोक मागत नाहीत एवढंच. मार्च महिन्यात मास्ट्रिख्टला भरणारी टेफाफची जत्रा बघण्यासाठी उत्तम, पण पहिल्या खरेदीसाठी तिथे जाऊ नका.

ऑनलाइन म्हणाल तर मार्क्टप्लाट्सवर घरगुती विक्रेते आजोबांच्या माळ्यावरचं सामान काढतात. स्वस्त असतं, हमी काहीच नसते. कॅटाविकीवर ऑनलाइन लिलाव चालतात आणि तिथे खरेदीदाराकडून बोलीवर ९ टक्क्यांच्या आसपास अधिक ठराविक रक्कम वेगळी घेतात. बोली लावताना डोळ्यांसमोर मोठा दिसतो तो आकडा त्याशिवायचा असतो.

ऐंशीचे दीडशे कसे होतात

समजा लिलावात हातोडा ८० युरोंवर पडला. लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन सर्वसाधारणपणे २५ ते ३० टक्के असतं. २८ धरलं तर २२ युरो ४० सेंट. तुम्ही पुण्यात बसून दुसऱ्या एखाद्या बोली-मंचावरून बोली लावली असेल तर त्याचे आणखी ३ ते ५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४ युरो. विमा आणि ट्रॅकिंगसकट भारतात पाठवणी ४० ते ५० युरो. कार्डावर परदेशी चलनाचं शुल्क २ ते साडेतीन टक्के. झाले १५५. भारतातली कस्टम्स ड्यूटी आणि जीएसटी यावर वेगळा. कुरिअर कंपनी कस्टम्सचं काम केल्याबद्दल स्वतःचा आकार लावते. तो मालाच्या किमतीवर नव्हे, पार्सलवर असतो, म्हणून स्वस्त चित्राला जास्त झोंबतो. एकेक चित्र मागवण्याऐवजी एकाच घराकडून तीन-चार घेऊन एकत्र पाठवा.

बिलात ‘चित्रकाराचा पुनर्विक्री हक्क’ असं काही दिसलं तर ते काढायला लावा. तो हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांत संपतो. सतराव्या शतकातल्या माणसाच्या नावाने तो लावता येत नाही.

लिलावघराची पॅकिंगची रक्कमही आधी विचारा. काही ठिकाणी ती पाठवणीइतकीच निघते. चौकटीतलं चित्र असेल तर चौकट आणि काच काढून, दोन कडक पुठ्ठ्यांत ठेवून सपाट पाठवायला सांगा. गुंडाळून नळकांड्यात अजिबात नको.

कागदपत्रं

पावतीवर एवढं लिहून घ्या: कोरणाऱ्याचं नाव, कुणाच्या चित्रावरून कोरलं, कोणत्या वर्षातला पत्रा, कितवी अवस्था, छाप हयातीतली की नंतरची, कागदाचं माप आणि होलस्टाइनचा क्रमांक. होलस्टाइन ही सतराव्या शतकाअखेरपर्यंतच्या डच मुद्राचित्रांची १९४९ पासून निघत आलेली सूचीमाला. त्या काळातल्या चित्राचा तिच्यातला क्रमांक सांगता येत नाही असा विक्रेता या धंद्यात नवखा आहे किंवा नाटक करतोय. सोनेरी कडा असलेलं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ मात्र फेकून द्या. ते कुणीही छापतं. पावतीवर लिहिलेला शब्द कोर्टात चालतो.

युरोपाबाहेर नेण्यासाठी निर्यात परवाना लागतो का? ५० वर्षांहून जुन्या मूळ मुद्राचित्रांसाठी मर्यादा १५,००० युरोंची आहे. त्याखालच्या मालाला परवाना नको. कुणी शंभर युरोंच्या चित्रासाठी ‘परवान्याचे’ म्हणून पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

भारतात आणताना बॅगेजमध्ये असेल तर पावती हाताशी ठेवा. शुल्कमुक्त मर्यादा आणि दर सरकार बदलत असतं, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात कस्टम्सचं संकेतस्थळ बघा. कुरिअरने मागवत असाल तर कस्टम्स एजंटकडून त्या दिवसाचा दर लेखी घ्या. आणि ही पुढची ओळ दोनदा वाचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू एकदा भारतात आली की ती पुन्हा बाहेर नेताना १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा आडवा येऊ शकतो. उद्या बदली झाली किंवा ते चित्र लंडनला विकायचं ठरवलंत तर खोळंबा होईल. आयातीचे सगळे कागद, कुरिअरच्या पावतीसकट, एका फाइलमध्ये कायमचे ठेवा. चित्र नेदरलँड्समधल्या घरात लावून परतताना विकणार असाल तर ते भारतात आणूच नका.

सापळे

पहिला, जुन्या पत्र्यावरून नव्याने काढलेल्या छापा. रेम्ब्रांचे बरेच मूळ पत्रे टिकून राहिले. पॅरिसच्या बासाँने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा छापले, नंतर इतरांनीही, आणि अगदी आपल्या काळातही काही पत्र्यांवरून नव्या प्रती काढल्या गेल्या. विक्रेता ‘रेम्ब्रांच्या मूळ पत्र्यावरून’ म्हणतो ते खरंच असतं. फक्त पत्रा मूळ, छाप दीड-दोनशे वर्षांनी मागाहूनची. भावात आकाशपाताळाचा फरक पडतो. एचिंगचा पत्रा कोरीव कामापेक्षा लवकर झिजतो. हे तेव्हाच्या प्रकाशकांनाही माहीत होतं. म्हणूनच १६६५ मध्ये लायडनचा प्रकाशक व्हान गासबेक पुस्तकासाठी व्हान डर लिंडेन या दिवंगत प्राध्यापकाचं चित्र मागताना ते छिन्नीने कोरलेलंच हवं यावर अडून बसला होता. रेम्ब्रांने एचिंगच दिलं आणि ते पुस्तकात छापलं गेलं नाही. थोडक्यात, रेम्ब्रां घेत असाल तर ‘हयातीतली छाप’ हे दोन शब्द पावतीवर हवेतच.

दुसरा, एकोणिसाव्या शतकातल्या नकला. फ्रेंच कारागीर आमाँ-द्युराँ याने फोटोच्या साहाय्याने पत्रे तयार करून अप्रतिम नकला छापल्या. त्या फसवणुकीसाठी नव्हत्या, मागे त्याचा शिक्काही असे. शिक्का कुठे खरवडलाय का ते कागद तिरका धरून बघा.

तिसरा, उलटा चेहरा. दुसऱ्या कुणी जुन्या छापावरून नक्कल कोरली की छापताना ती डावी-उजवी फिरते. अंगरख्याची बटणं, हातातली लेखणी, ढालीवरचा सिंह, सगळं विरुद्ध बाजूला जातं. राइक्सम्यूझियमच्या फाइलशी फोनवर जुळवून बघायला अर्धा मिनिट लागतो.

चौथा सापळा रंगाचा. या चित्रांवरचा रंग बहुतेक वेळा नंतर कुणीतरी भरलेला असतो. देखणा दिसतो म्हणून जास्त पैसे मागतात. देऊ नका.

तपासणीसाठी दहापट भिंग घ्या, काहीशे रुपयांत येतं. कोरलेली रेघ टोकाला बारीक, मध्ये जाड आणि बोटाला किंचित उठावदार लागते. भिंगाखाली ठिपके ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं चित्र आहे. मग कागद उजेडाकडे धरा. जवळजवळच्या आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दोन-अडीच सेंटिमीटरवरच्या उभ्या रेघा दिसायला हव्यात. कागद एकसारखा, बिनरेघी असेल तर तो अठराव्या शतकाच्या मध्याआधीचा नाही. विदूषकाच्या टोपीचं किंवा ॲमस्टरडॅमच्या ढालीचं जलचिन्ह दिसलं तर चांगली खूण, पण त्यावर हुरळून जाऊ नका. मूळ माप, अवस्था आणि मजकूर जुळले पाहिजेत.

महाराजांचं पान

मराठी गिऱ्हाइकाला हमखास दाखवलं जाणारं एक डच कोरीव चित्र म्हणजे फ्रांस्वा व्हॅलेंटाइन या धर्मोपदेशकाच्या ‘जुना आणि नवा पूर्वेकडचा मुलूख’ अशा अर्थाच्या १७२४ ते १७२६ मध्ये निघालेल्या प्रचंड ग्रंथातलं शिवाजी महाराजांचं चित्र. इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे ते महाराष्ट्राच्या परिचयाचं झालं. त्याच ग्रंथात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर-जनरलांचे चेहरेही थाटामाटात कोरलेले आहेत. पण मोठमोठे खंड फाडून एकेक पान विकण्याचा धंदा जुना आहे, आणि आपल्याकडची मागणी ओळखून या पानाचा भाव वेगळाच सांगतात. घ्यायचंच असेल तर पान मूळ खंडातलं की नंतरच्या पुस्तकातलं, घडीची रेघ कुठे आहे, मागे मजकूर आहे का, हे विचारा. कागदाची कसोटी वर सांगितली तीच. ग्रंथाचे खंड डिजिटल स्वरूपात ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत. आधी तिथे पान शोधा आणि तुम्हाला दाखवलेल्या पानाशी रेघ न् रेघ ताडून बघा.

घरी आल्यावर

चौकटीचा खर्च चित्रापेक्षा जास्त निघाला तर दचकू नका, तो असाच असतो. आम्लविरहित पुठ्ठा, अतिनील किरण अडवणारी काच, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मधे मोकळी जागा, या तीन गोष्टींवर काटकसर करू नका. चित्राला सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावणाऱ्या चौकटवाल्याकडे पुन्हा जाऊ नका. जपानी कागदाच्या पट्ट्या आणि खळ वापरणारा शोधा. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. ओल आली की बुरशी, आणि मागून कसर. गणपतीच्या आधी एकदा चौकट उतरवून पाठ तपासा. तपकिरी ठिपके दिसले तर घरी काही करू नका, ब्लीच तर नाहीच. संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या कागद-संवर्धकाला दाखवा.

किती वेळ लागतो? बाजारातून हातोहात. लिलावातून पैसे भरल्यापासून माल हातात पडेपर्यंत दोन ते सहा आठवडे धरा, कस्टम्सने अडवलं तर जास्त. नेदरलँड्समध्ये राहत असाल आणि व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलं असेल तर पार्सल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं. लोक जाऊन बसू शकतात अशा जाहीर लिलावाला हा हक्क लागू नाही आणि घरगुती विक्रेत्यालाही नाही. म्हणून पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा, उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा, भिंग आणि उजेडाची तपासणी लगेच उरका, आणि परत करायचं असेल तर फोन न करता इमेलवर लेखी कळवा.